नऊ नंबरच्या खाटेची सुई

आमच्या दवाखान्यात माझ्या सासूबाईंना सगळे फौजदार म्हणतात. वॉर्डावॉर्डांतला कचरा गोळा करणं हे त्यांचं काम आणि आम्हा नर्सांच्या चुका काढणं हा आवडता उद्योग. रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, सलाइनच्या नळ्या लाल पिशवीत, सुया पांढऱ्या कडक डब्यात. पिशवीची गाठ जरा सैल दिसली की त्या ती वॉर्डात परत आणतात आणि समोर मोठे डॉक्टर असले तरी बिनपाण्याने हजामत करतात.

माझी सैल गाठ मात्र त्यांनी परत आणली नाही. चारचौघांत सुनेची शोभा कशाला, म्हणून स्वतःच सोडून पुन्हा बांधायला घेतली. आत सुई होती. घाईघाईत मीच टाकलेली. हातमोजा भेदून ती बोटात गेली.

साबणाने बोट धुऊन त्या सरळ वॉर्डात आल्या. "ही सुई कुठल्या पेशंटची? लवकर सांगा, मला वेळ नाही."

नोकरी जाईल, हा विचार माझ्या मनात आधी आला. त्याची लाज मला आजही वाटते.

"आई, मी टाकली," शेवटी मी म्हटलं. "नऊ नंबरची."

नऊ नंबरच्या रुग्णाला एचआयव्ही होता. तासाभरात सासूबाईंनी लागण टाळण्याची पहिली गोळी घेतली. अठ्ठावीस दिवस गोळ्या, मग तपासण्या. अपघाताच्या नोंदवहीत माझं नाव त्यांनी स्वतःच लिहायला लावलं, पण मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. चार शिव्या घातल्या असत्या तर मला झोप तरी लागली असती.

घरी त्यांनी ताट वेगळं केलं, टॉवेल वेगळा केला. माझ्या सात महिन्यांच्या लेकीला हात लावेनात. मी चिडलेच. "आई, असं पसरत नाही, हे नव्या लोकांना तुम्हीच शिकवता ना?"

"माहीत आहे गं. पण हात पुढे होत नाही."

शेवटच्या तपासणीला अजून दोन महिने होते. तेवढे दिवस हे बघत राहणं मला जमणार नव्हतं. मी लेकीला उचललं, त्यांच्या मांडीवर बसवलं आणि मागे सरले.

"घे तिला! घे म्हणते ना!" दोन्ही हात वर धरून त्या किंचाळल्या. मी जागची हलले नाही. पोरगी कलंडली, तेव्हा कुठे त्यांनी तिला घट्ट धरलं.