पाच वाजता मेन स्विच

बॅकअपच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका मुद्दाम पुन्हा घडवून दाखवणं हे माझं पोटापाण्याचं काम. डहाणूच्या घरी बसून मी त्यासाठी छोटे प्रोग्रॅम लिहिते. त्यांना टेस्ट म्हणतात. चूक असली की टेस्ट लाल, दुरुस्त झाली की हिरवी.

तलासरीकडच्या एका शाळेतून तक्रार आली. वाळवी लागलेल्या जुन्या जनरल रजिस्टरची पानं तिथल्या क्लार्कबाईंनी वेळीच स्कॅन केली होती. संगणक बिघडला, बॅकअपमधून पानं परत घेतली, तर काही अर्धीच. जातीच्या दाखल्यासाठी आजोबांची नोंद शोधत लोक येतात. नोंद नाही म्हटल्यावर बाईंना कारणे दाखवा नोटीस. आमच्या ऑफिसचं उत्तर: "आमच्याकडे नीट चालतं. वापरणाऱ्याची चूक." फ्रेम करून लावावं असं वाक्य.

मी तलासरीला गेले. साडेचारला बाईंनी बॅकअप सुरू केला आणि पावणेपाचच्या बसला निघाल्या. मी थांबले. पाचला शिपाईमामांनी व्हरांड्यातला मेन स्विच खाली ओढला.

"मामा, रोज बंद करता?"

"मग? शाळा बंद, वीज बंद. मशीनला काय नाइट ड्युटी आहे?"

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. सॉफ्टवेअर सुरू झालं, कालची अर्धी उतरलेली फाइल त्याला जागेवर दिसली, आणि त्याने बिनदिक्कत 'पूर्ण' म्हणून खूण केली. आत काय आहे, बघितलंच नाही.

घरी येऊन वीस ओळींची टेस्ट लिहिली. बॅकअप सुरू करायचा, अर्ध्या फाइलवर बंद पाडायचा, पुन्हा सुरू करायचा, फाइल परत घेऊन मूळ फाइलशी ताडायची. लाल. दहा वेळा चालवली, दहाही वेळा लाल. नाव ठेवलं 'पाच वाजता मामा'.

मॅनेजरांचा फोन आला. "मॅडम, असं कोण करतं?"

"तलासरीत करतात. रोज."

"सोमवारी नव्या आवृत्तीचं अनावरण आहे. तेवढी ही टेस्ट यादीतून काढा. सगळं हिरवं दिसू दे."

अनावरण म्हणजे व्हिडिओ कॉलवर समई, आणि सगळ्यांनी माइक बंद ठेवून वाजवलेल्या टाळ्या.

"नाही काढणार."

"मग मी काढतो."

"काढा. कुणी काढली ते नावासकट नोंदलं जातं. मी परत घालीन."

त्यांनी काढली नाही. समई लागली तेव्हा यादीत एक ओळ लाल होती. त्याआधीच मी टेस्टचा निकाल छापून, साध्या मराठीत पानभर खुलासा लिहून बाईंना दिला होता. नोटिशीच्या उत्तराला जोडायला.

"कंपनीतला कागद बाहेर कुणी दिला?" मॅनेजर कडाडले.

"खाली सही आहे. वाचा."

दुरुस्ती चार ओळींची निघाली; टेस्ट हिरवी झाली. अर्धी पानं मात्र अर्धीच राहिली; मूळ कागद तोवर वाळवीने संपवले होते. काही दिवसांनी बाईंचा फोन आला. "ताई, नोटीस मागे घेतली. मामा विचारतायत, आता स्विच चालू ठेवू का?"

"मुळीच नको," मी म्हटलं. "त्यांना म्हणावं, ओढा."