निळे नाना आणि सरळपट्टी

लग्न होऊन या घरात आले त्याच्या दुसऱ्याच सकाळी मला दाराच्या कडीवर एक निळा अंगठा उमटलेला दिसला. मग नळाच्या चावीवर एक, कपाच्या कानावर एक, आणि माझ्या नव्या कोऱ्या उशीच्या अभ्र्यावर चार बोटं. घरात लहान मूल तर नव्हतं. नवऱ्याला विचारलं तर तो हसून म्हणाला, "नानांचे आहेत. आम्हाला आता दिसत नाहीत." मला दिसत होते. मी शिवणकाम करते आणि तेही पांढरं. दवाखान्यातले कोट, नर्सांचे पोशाख. पांढऱ्या कापडाच्या ढिगात निळ्या बोटांचा सासरा म्हणजे माझ्यापुढे काय वाढून ठेवलं होतं याचा विचार करा.

तेव्हापासून अठरा वर्षं मी रोज एकच वाक्य म्हणत आले, "नाना, हात धुतल्याशिवाय कडीला हात लावायचा नाही." आणि अठरा वर्षं नाना "हो हो" म्हणत कडीला हात लावत आले.

कारखान्यातही त्यांना निळे नानाच म्हणत. काम स्क्रेपिंगचं. म्हणजे काय, हे कळायला मला दोन वर्षं लागली, कारण मी कधी धड विचारलंच नव्हतं. बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, तुकडा येतो तो ओबडधोबड. मशीनवर त्याचं वरचं साल काढतात, मग ग्राइंडिंग करून गुळगुळीत करतात. मला वाटे, झालं की! नानांचं काम तिथून पुढे सुरू होई. "गुळगुळीत दिसणं वेगळं आणि सपाट असणं वेगळं, सूनबाई," असं ते म्हणत. एका अगदी सपाट प्लेटवर बोटांनी निळा रंग पसरायचा. त्यावर आपला तुकडा पालथा ठेवून हलकेच घासायचा. उचलून पाहिलं की जिथे उंचवटा तिथे निळं लागलेलं असतं. तेवढंच स्क्रेपरने खरवडून काढायचं. स्क्रेपर म्हणजे हातभर लांब पट्टी, टोकाला धार आणि मागे तळव्यात बसेल अशी मूठ. खरवडलं की पुसायचं, पुन्हा निळं, पुन्हा घासायचं, पुन्हा खरवडायचं. आधी दोन-चार मोठे डाग उमटतात. ते हळूहळू फुटत जातात आणि शेवटी सगळीकडे दाट, सारखे ठिपके दिसायला लागतात. तसं झालं की काम संपलं.

एकदा डबा द्यायला गेले होते तेव्हा माझ्या जिभेला हाड नव्हतंच. म्हटलं, "दिवसभर खरवडताय, पण लोखंड सकाळी होतं तेवढंच दिसतंय." नाना रागावले नाहीत. त्यांनी तळहाताएवढ्या दोन प्लेटा पुसल्या, एकीवर एक ठेवली आणि वरचीला करंगळी लावली. पाण्यावरून सरकावी तशी ती सरकली. मग त्यांनी ती जरा दाबून फिरवली आणि मला म्हणाले, "आता उचल." मी वरची उचलली तर खालची तिच्याबरोबर उचलून आली. ना डिंक, ना लोहचुंबक. दोन सपाट लोखंडं एकमेकांना धरून बसली होती, आणि ती सपाट केली होती एका माणसाच्या हाताने. त्या दिवसापासून मी या माणसाला मानलं. डागांवरून भांडण मात्र सोडलं नाही.

शेवटी मीच तह केला. कोटांची कातरणं उरतात, त्यांची पाच चौकोनी फडकी रोज नानांना द्यायची आणि संध्याकाळी धुवायला घ्यायची. डाग काही थांबले नाहीत, पण मला एक सवय लागली. नवं काम हातात घेतलं की फडकी गडद निळी येत. काम संपत आलं की ती फिकट होत जात. शेवटच्या दिवशीचं फडकं तर न धुता परत देता येईल इतकं स्वच्छ असे. असं का होतं हे मी कधी विचारलं नाही. धुणं सोपं झालं याचा अर्थ नानांचं काम आटोपलं, मला एवढं पुरे होतं.

गेल्या वर्षी नानांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. चालणं सुधारलं, हाताला जोरही आला, पण कारखाना सुटला. ते खिडकीशी खुर्ची टाकून बसून राहत. जेवायला हाक मारली तर येत, नाही मारली तर तेही नाही. पाच महिने दाराची कडी लखलखीत होती. अठरा वर्षं भांडून मागितलं ते मला फुकट मिळालं, आणि ती कडी माझ्याने बघवेना.

मग एक दिवस कारखान्याचा मालक घरी आला. हा नानांच्याच हाताखाली शिकलेला, त्यामुळे नाना त्याला "अरे मालक" म्हणत. चार माणसांकडून त्याने एक जाडजूड दगडी प्लेट आणवली आणि मागच्या खोलीत भक्कम टेबलावर ठेवली. बरोबर बिडाची एक सरळपट्टी होती, दोन फूट लांब, चार बोटं रुंद. ही पट्टी टेकवून कारखान्यातल्या प्रत्येक लेथचा बेड, म्हणजे मशीन ज्यावर चालतं तो लांब पाया, तपासायचा असतो. पट्टी चुकली तर तिच्या भरवशावर केलेली सगळी मशीनं चुकणार.

"जमलं तर पुढच्या महिन्यापासून कामावर या, नाना," तो म्हणाला. "आणि नाही..."

"स्पष्ट बोल."

"नाही जमलं तर तुम्ही आराम करा. पट्टी मी दुसरीकडून करून घेईन."

तो गेल्यावर नाना मला म्हणाले, "आराम म्हणजे काय ते गेले पाच महिने बघितलंय मी. हे जमलं नाही तर मी संपलो बघ." असलं काही बोलणारा माणूस नव्हता तो.

दुसऱ्या दिवशी मागच्या खोलीतून खर्र खर्र आवाज सुरू झाला. उजवा तळवा मुठीवर, डावा हात पात्यावर दाबलेला आणि मागून सगळ्या अंगाचा रेटा. दहा-पंधरा मिनिटांनी दम लागे, बसत, पुन्हा उठत. चौथ्या दिवशी जेवायला स्वतःहून आले आणि आमटीत मीठ कमी आहे म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला. कडीवर अंगठा उमटला होता. मी ओरडले, कारण ओरडले नसते तर त्यांना चुकल्यासारखं झालं असतं.

अकराव्या दिवशी दुपारी नानांनी मोठ्याने हाक मारली. "सूनबाई, ये, बघ!" पट्टी पालथी करून दाखवली. या टोकापासून त्या टोकापर्यंत निळेच निळे ठिपके. चेहरा असा फुललेला की मी पट्टीपेक्षा त्यांच्याकडेच जास्त पाहिलं. मालकाला फोनही करून झाला होता. चार वाजता येतो म्हणाला होता.

मी आनंदाने फडकी गोळा केली, बादलीत टाकली आणि थबकले. पाचही फडकी गडद निळी होती, पहिल्या दिवशीच्या कामासारखी.

मी तशीच उभी राहिले. धुवायचं ते फडकं हातात धरून अठरा वर्षांत कधी केला नव्हता तो विचार केला. शेवटी शेवटी फडकी फिकी का होत? कारण नाना निळं पातळ लावत जात. पातळ निळं फक्त खऱ्या उंचवट्याला लागतं. जाड लावलं तर ते खोलगट जागेतही जाऊन बसतं आणि सगळं सपाट असल्यासारखं दिसतं. मग आज नानांनी जाड का लावलं? त्यांच्यासारख्या माणसाला आपण जाड लावतोय हे कळत कसं नाही?

खरं सांगते, ती फडकी साबणात घालून गप्प बसावं असं मला वाटलं. माणूस पाच महिन्यांनी हसला होता. पण मालक ती पट्टी घेऊन जाईल, तिच्यावर बेड तपासेल, आणि आज ना उद्या ते उघडं पडेल. त्याचं खापर निळे नानांच्या नावावर फुटू द्यायचं? मी फडकी घेऊन आत गेले.

"नाना, आजचं निळं जाड आहे."

"काय?"

"शेवटच्या दिवशीची फडकी अशी कधीच नसतात."

नानांचा चेहरा लाल झाला. "तू कोट शीव! चाळीस वर्षं हेच केलंय मी. आता तू शिकवणार मला?"

मी फडकं त्यांच्यापुढे टेबलावर पसरलं. पांढऱ्यावर निळं, लपवायला जागाच नाही. नानांनी ते बघितलं. मग डाव्या हाताची बोटं अंगठ्यावर घासून पाहिली, पुन्हा पुन्हा, आपली नसल्यासारखी.

"कळत नाही गं बोटांना," ते हळूच म्हणाले. "निळं मी नेहमी डाव्यानेच लावतो, उजव्याला मुठीने घट्टे पडलेत. डाव्यात जोर आला, पण स्पर्श परत आला नाही. वाटलं, डोळ्यांनी भागेल. पण आता डोळेही पूर्वीचे नाहीत. आणि खोटं कशाला बोलू, ठिपके दिसले तेव्हा नीट बघायचंच नव्हतं मला."

मला रडू फुटलं. त्यांनी मला रडू दिलं आणि मग एकदम कामाच्या आवाजात म्हणाले, "ती प्लेट स्वच्छ पूस. आता तू लाव."

"मी?"

"कोटाचा एक धागा सरकलेला तुला बोटाने कळतो. चल, वाटाण्याएवढंच निळं घे."

मी लावलं. "पूस थोडं." पुसलं. "अजून." अजून पुसलं. "अजून." आता रंग आहे की नाही अशी शंका येईल इतकं उरलं, बोटाखाली दगड थंड आणि जरासा ओशट लागत होता. "हं. हे खरं निळं." दोघांनी मिळून पट्टी त्यावर टेकवली, घासली, उचलली. दोन्ही टोकांना ठिपके होते. मधे वीतभर पट्टी कोरडी ठणठणीत होती. तिथे पट्टी टेकतच नव्हती. नानांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि नाक पुसलं.

चारला मालक आला. पट्टी फडक्याने झाकून ठेवली असती, प्रकृतीचं कारण सांगून दोन दिवस मागितले असते, तरी चाललं असतं. नानांनी त्याला सरळ आत नेलं आणि तो कोरडा भाग दाखवला.

"झालं नाही. फोनवर चुकीचं बोललो. माझ्या डाव्या बोटांना कळत नाही, निळं जाड लागत होतं. पाच महिने ही गोष्ट कुणाला सांगितली नाही, आज तुला सांगतो."

मालकाने त्या कोरड्या भागावरून अंगठा फिरवला. आपल्याला ज्याने काम शिकवलं त्या माणसाला असं बोलताना ऐकणं त्यालाही सोपं नसावं. मग त्याने विचारलं, "अजून किती दिवस?"

"सहा."

"आणि निळं कोण लावणार?"

नानांनी हनुवटीने माझ्याकडे दाखवलं. मला कुणी विचारलंसुद्धा नाही.

ते सहा दिवस मी सकाळी कोट शिवले आणि दुपारी निळं लावलं. नाना टोकं उतरवत गेले, एकेका खेपेला केसाहूनही कमी. मला वाटायचं, अशा अधू हाताचं लोखंड तरी का ऐकेल? पण लोखंड ऐकत होतं. फडकी फिकट होत गेली. सहाव्या दिवशीचं फडकं मी न धुताच घडी करून ठेवलं.

मालक सातव्या दिवशी आला. निळं मीच लावलं, मग त्याने स्वतःच्या बोटाने पुसून ते अजून पातळ केलं. पट्टी घासली, उचलली, उजेडाकडे धरली. टोकापासून टोकापर्यंत बारीक, दाट, सारखे ठिपके, आणि मधलेही तितकेच. तो पट्टीकडे बघतच म्हणाला, "नाना, एक तारखेला या." आणि मग माझ्याकडे वळून, "निळ्याच्या वेळी तासभर तुम्ही याल ना?"

"कोट आटोपून," मी म्हटलं.

पट्टी बाहेर न्यायची म्हणून मी पुढे होऊन दार उघडायला धावले. मागून नानांचा खणखणीत आवाज आला, पाच महिन्यांत ऐकला नव्हता तसा.

"सूनबाई! हात धुतल्याशिवाय कडीला हात लावायचा नाही!"

"हो हो," मी म्हटलं, आणि दार उघडलं.