दामिनीची अर्धी भाकर

रामाकोना गावच्या मनकर्णाबाईंची धाकटी बहीण बाळंतपणात अडून दगावली होती. लेकरू फार मोठं होतं, असं तेव्हा सगळे म्हणाले. म्हणून सून दामिनीला दिवस गेले, तशी मनकर्णाबाईंनी तिची भाकर अर्धी केली.

"आई, भूक लागून राहिली," दामिनी म्हणायची.

"लेकरू मोठं झालं त अडते, बाई. थोडं सोस," म्हणत त्या तिच्या पाठीवरून हात फिरवायच्या.

सौंसरच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "हिचं वजन वाढून नाही राहिलं. पोटभर जेवू द्या. जास्त वाढलं त आम्ही सांगू." मनकर्णाबाईंनी मान हलवली, पण ताटात तेवढंच वाढलं.

बाळंतपण सोपं झालं. नात मात्र मूठभर होती, तिला अंगावर प्यायचीही ताकद नव्हती. छिंदवाड्याला तिला काचेच्या पेटीत ठेवावं लागलं. "पोटातच उपाशी राहिली ही," तिथले डॉक्टर म्हणाले.

नात वाचली, पण अजून सारखी आजारी पडते. दामिनीनं सासूला एका शब्दानं बोल लावला नाही. दुसऱ्यांदा दिवस गेल्यावर मात्र ती सरळ माहेरी गेली, आणि तिला थांब म्हणायला मनकर्णाबाईंना तोंड उरलं नव्हतं.