नवऱ्यासाठी पातं निवडताना

माझ्या नवऱ्याला पंचेचाळिशीत धनुर्विद्येचा झटका आला. त्या वयात बाकीचे पुरुष मॅरेथॉन धावतात नाहीतर गिटार शिकतात, त्यामुळे मी फारशी तक्रार केली नाही. मी आखातात, अल ऐनच्या एका हॉस्पिटलात सर्जन. तो एसीची कामं घेणारा काँट्रॅक्टर. क्लबात जाऊन कागदावर बाण मारायचा, घरी येऊन खांद्याला बाम लावून घ्यायचा. इथवर ठीक होतं.

मग अमेरिकेतल्या माझ्या दादाचा फोन आला. तो दर वर्षी परवाना काढून हरणाची शिकार करतो आणि हिवाळाभर ते मटण खातो. "नोव्हेंबरात ये इकडे," तो नवऱ्याला म्हणाला. "धनुष्यानं मारू. पण पाती नीट निवड. हरीण जखमी होऊन पळालं तर मी तुला जेवायला घालणार नाही."

कागदावर मारायच्या बाणाला नुसतं टोक असतं. शिकारीच्या बाणाला पुढे वस्तऱ्यासारखी पाती लागतात, त्याला ब्रॉडहेड म्हणतात. ही माहिती मला पुढचा महिनाभर आमटीबरोबर वाढण्यात आली. त्याचं मन बसलं होतं मेकॅनिकलवर. ते उडताना मिटलेलं असतं आणि लागल्याबरोबर छत्रीसारखं उघडतं.

"काय इंजिनिअरिंग आहे बघ!" तो व्हिडिओ दाखवत म्हणाला.

"जे ऐनवेळी उघडावं लागतं ते ऐनवेळीच अडकतं," मी म्हटलं. "आणि ते उघडायला जोर लागतो. तो कुठून आणणार? तुझं धनुष्य ओढायला बायकांच्या धनुष्याइतकं हलकं आहे."

"खांद्यामुळे!"

"हरणाला ते कोण सांगणार?"

लेक मान वर न करता म्हणाली, "बाबा, दॅट्स सो मीन. डिअर्स हॅव फॅमिलीज." तिच्या हातात चिकनची तंगडी होती.

शेवटी भांडण मिटवायला पुराव्याची गरज पडली. नवऱ्याच्या क्लबात एक निवृत्त इमिराती गृहस्थ होते. इथे शिकारीला बंदी, म्हणून ते परदेशी जाऊन शिकार करत. त्यांच्याकडे तऱ्हेतऱ्हेच्या पात्यांची पेटीच होती आणि गावाबाहेर स्वतःची खजुराची बाग. "यल्ला, शनिवारी या," ते म्हणाले. "मॅडमलाही आणा."

मॅडम आधी मटण मार्केटात गेली. मी बोकडाची बरगड्यांची अख्खी बाजू मागितली.

"मॅडम, छोटा पीस करूं?" खाटकानं विचारलं.

"नहीं, ऐसेही दो."

"बिर्यानी के लिए?"

"नहीं. तीर मारना है."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग बाजूला उभ्या नवऱ्याकडे पाहिलं आणि मुकाट्यानं दोन पिशव्यांत बांधून दिलं.

हरणाच्या कातड्यासाठी मी कपाटातून नवऱ्याचं लग्नाआधीचं लेदर जॅकेट काढलं. त्याची चेन गेली दहा वर्षं लागत नव्हती. "ते मी परत घालणार आहे," तो म्हणाला. ते पाण्यात भिजवून बरगड्यांवर गुंडाळलं, खजुराच्या झाडाला टांगलं आणि मागे फोमचा जाड ठोकळा ठेवला. यजमानांनी खुर्च्या, गहवा म्हणजे अरबी कॉफी, आणि खजूर मांडले. नाटकाची तालीम बघायला बसावं तसे ते बसले.

आधी मेकॅनिकल. बाण बरोबर बसला, ठप्प आवाज आला आणि तिथेच लटकून राहिला. पाती जॅकेटातच उघडली होती. सगळा जोर चामड्यावर खर्च झाला आणि एक पातं बरगडीवर वाकलं.

"वारा होता," नवरा म्हणाला. पान हलत नव्हतं.

मग तीन पात्यांचं स्थिर, न मिटणारं टोक. मी ते आधी त्याच्या हातावरच्या केसांवर फिरवलं. केस हलले, पण एकही कापला गेला नाही. "नव्या डब्यातलं आहे," तो म्हणाला. असल्या धारेनं मी कुणाचं गळूही फोडलं नसतं. तो बाण आत गेला, पण जेमतेम.

शेवटचं अगदी साधं, दोन पात्यांचं, टोकापासूनच धार असलेलं. त्यानं केस साफ उतरवले. बाण सुटला आणि काहीच झालं नाही असं वाटलं. जवळ गेलो तर तो जॅकेट, बरगड्या, परत जॅकेट असं सगळं पार करून फोममध्ये रुतला होता. मी जखमेच्या कडा बोटानं तपासल्या. माझ्या हातून दर वेळी इतकी स्वच्छ चीर पडत नाही.

"खलास," यजमान म्हणाले आणि गहवा ओतला.

नवऱ्यानं जॅकेट सोडवलं आणि त्याच्या भोकातून पलीकडची बाग बघितली. मग म्हणाला, "हे दिसायला अगदीच भाजीच्या सुरीसारखं आहे गं." पण त्यानं तेच घेतलं.

नोव्हेंबरात तो गेला. तिसऱ्या दिवशी फोन आला. "झालं," म्हणाला.

"लागला कुठे?"

"फुप्फुसात. चार उड्या मारल्या आणि बसलं. मग मान टाकली."

मला हायसं वाटलं. इतकं वाटेल असं मला वाटलं नव्हतं. "रडतोयस का?"

"थंडी आहे इथे."

त्या रात्री वहिनीनं काळ्या मसाल्यात रस्सा केला आणि त्यानं दोनदा मागून खाल्ला, हे मला दादाकडून कळलं.

तो परत आला तेव्हा लेकीनं बॅग उघडण्याआधीच विचारलं, "डिड यू से सॉरी टू इट?"

"हो."

"इन इंग्लिश?"

"नाही. मराठीत."

तिनं कपाळावर हात मारला. "बाबा! हाउ वुड इट नो?"