दिवसा झोपणाऱ्यांचं घर

आमच्या घरात दुपारी कुणीतरी झोपलेलं असायचंच. आधी माझे यजमान, आता मुलगी.

यजमान नागपूरजवळच्या वीज केंद्रात ऑपरेटर होते. पाळी दर आठवड्याला बदलायची. रात्रपाळी करून सकाळी आठला येत, अंघोळ करून झोपत, आणि एक वाजता मी त्यांना उठवी. "पोळ्या गरम आहेत, जेवून झोपा." उपाशी माणसाला झोपू देणं मला पाप वाटे. ते निमूट उठत, जेवत, भाजी छान झाली म्हणत आणि पुन्हा आडवे होत. मग कूस बदलल्याचा आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू येई. ही चूक मी वर्षानुवर्षं मायेनं केली.

या उन्हाळ्यात ते हृदयविकारानं गेले. पाळ्यांमुळे झालं का, असं मी डॉक्टरांना विचारलं. एका माणसाबद्दल तसं ठाम सांगता येत नाही, ते म्हणाले. पण एक गोष्ट त्यांनी समजावली, आणि नंतर मी ती वाचूनही काढली. कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक पहाटे वाढतं आणि शरीराला कामासाठी उठवतं. रात्री ते उतरलेलं असतं, तेव्हा झोप खोल लागते. रात्रपाळीचा माणूस ते चढलेलं असताना अंथरुणाला पाठ टेकतो. त्याची झोप मुळातच उथळ. शरीर उलट्या वेळेला रुळू लागावं, तर पाळी बदलते. त्यात कुणी हाक मारली, की ताण उतरायला जागाच उरत नाही.

मुलगी एका रुग्णालयात परिचारिका आहे. तिच्या ड्युटीचा तक्ता आठवड्यापुरता लागतो, मधेच बदलतोही. तेरवीनंतर ती कामावर परतली ती रात्रपाळीवरच. आमच्याकडे दुःखाच्या घराचं दार सव्वा महिना दिवसभर उघडं असतं. माणसं केव्हाही भेटायला येतात आणि घरच्यांनी त्यांच्यासमोर बसायचं असतं. तीही उठून बसायची. एका सकाळी चपला काढता काढता म्हणाली, "आई, आज दुसऱ्याच पेशंटचं इंजेक्शन हातात घेतलं होतं. लेबल परत वाचलं म्हणून बरं."

ती झोपायला गेली. मी समोरच्या दाराला कडी घातली.

अकराला कडी वाजली. उमरेडहून माझी थोरली नणंद आली होती.

"कडी काहून लावली वं? पोरगी कुठं आहे?"

"झोपली आहे, ताई. हळू बोला."

"या वेळी? उठव तिले. मी एवढ्या दुरून बसनं आली."

"नाही उठवणार. दिवसाची झोप मोडू नये, मी वाचलं आहे."

"तुह्या पुस्तकात लिहिलं आहे काय, आत्याले भेटू नये म्हणून?"

"भेटा ना. पाचला उठेल ती. तोवर थांबा."

"पाचपर्यंत रडणं धरून ठेवू?"

"धरा. आधी जेवून घ्या."

त्या रागानंच आत आल्या. मागच्या खोलीत आम्ही दोघी कुजबुजत जेवलो. हात सुकेपर्यंत त्या भावाविषयी बोलत होत्या. लहानपणी तो घरातल्या हातमागाच्या खटखटीत खुशाल झोपे, बाबा विणताना धोटा मारत असले तरी हलत नसे.

"आवाजानं ते इथंही उठत नसत," मी म्हटलं. "मी हाक मारली की उठत. रोज एक वाजता मी मारायची."

हे मी तोवर कुणाला सांगितलं नव्हतं. दुपारी शेजारणी भेटायला आल्या, तेव्हा मी उठायच्या आत ताईच दाराशी गेल्या. "संध्याकाळी या वं," एवढंच त्यांना म्हणाल्या.

पावणेपाचला मुलगी आपणहून उठून बाहेर आली. आत्याला पाहून दारातच थबकली. मग दोघी गळ्यात पडून मोठ्यानं रडल्या. वडील गेल्यापासून माझी मुलगी तशी रडली नव्हती. रडून झाल्यावर तोंड धुऊन ती भरपेट जेवली आणि ड्युटीवर गेली.

आता तक्ता लागला की मी भेटायच्या वेळा कागदावर लिहून दाराबाहेर चिकटवते. सव्वा महिना अजून संपलेला नाही. दुःखाच्या घरी असा कागद लावणं काहींना उद्धटपणाचं वाटतं. वाटू दे.