घड्याळवाल्याची रुजुवात

अनंतरावांचे आयुष्य संशयावर चालले होते, आणि संशय तरी कसा? सरकारमान्य! पोलीस ॲक्शन झाली, निजामाचे राज्य गेले, आणि पुढे काही वर्षांनी औरंगाबादच्या कचेरीत जुन्या उर्दू दप्तराच्या मराठी नकला होऊ लागल्या. एकाने मूळ वाचायचे, दुसऱ्याने नकलेवर बोट ठेवून शब्दन् शब्द ताडून पाहायचा. या ताडण्याला रुजुवात म्हणत, आणि ते बोट अनंतरावांचे. शेताचा एक बांध गळला, बापाच्या जागी आजोबांचे नाव आले, की बोट थांबलेच. आठ वर्षांत त्या बोटाखालून एक चूक निसटली नाही. त्या आठ वर्षांनी त्यांच्या मनावर एक नियम कोरला होता: माणूस एखादी गोष्ट दुसऱ्यांदा पाहतो, ती तिच्यात खोट असल्याचा वास येतो म्हणूनच.

आणि अशा माणसाच्या पत्नीला, कालिंदीबाईंना, एकच सिनेमा पुन्हापुन्हा पाहण्याचा छंद!

सिनेमा हिंदी, काळापांढरा, हसवणारा. एक गरीब घड्याळवाला. त्याच्यावर जीव जडलेली एक मुलगी. बोलायची सोय नाही, म्हणून ती आपले घड्याळ मुद्दाम बिघडवून त्याच्याकडे आणते. कधी डाळीत बुडवते, कधी म्हशीच्या पायाखाली ठेवते. तो बापडा समजतो, आपलेच काम कच्चे! दर वेळी मान खाली घालून म्हणतो, "इस बार नहीं बिगड़ेगी." एवढीच कथा. पण शहरात तो सिनेमा आला की लोक मूळ नाव विसरून म्हणत, "घड्याळवाला आला!" चौसष्ट साली तो तिसऱ्यांदा आला, दुपारच्या मॅटिनीला. कालिंदीबाई पहिल्या बुधवारी गेल्या, दुसऱ्या बुधवारीही गेल्या.

"दोनदा काय पाहिलंत त्यात?" अनंतरावांनी विचारले.

"घड्याळ," त्या म्हणाल्या, आणि पदराआड हसल्या.

त्या हसण्याने अनंतरावांची झोप गेली. संध्याकाळी देवापुढचा कुंकवाचा करंडा उचलला, तर खाली अर्धी फाडलेली तिकिटे. एक नव्हे, दोन. दोन्ही एकाच दिवसाची!

"सोबत आशाबाई होत्या का?" त्यांनी सहज विचारल्यासारखे विचारले.

"हो, त्याच होत्या," कालिंदीबाई म्हणाल्या. पण उत्तर द्यायला एक क्षण जास्त लागला, आणि तो क्षण त्या बोटाखाली सापडला.

दुसऱ्याच दिवशी शेजारच्या आशाबाई टांग्यातून ट्रंक उतरवताना भेटल्या. "काय हो अनंतराव, तोंड का असं एरंडेल प्याल्यागत? आमचं घर जागेवर आहे ना? पंधरा दिवस पिशोरला भावाकडं होते. तिकडं माझा जीव त्या मांजरीतच! चुलीत व्याली असंल सटवी."

पंधरा दिवस पिशोरला! मग शेजारच्या खुर्चीवर कोण होते? कोण? अनंतराव जेवताना पाहू लागले, पूजेत पाहू लागले, जप करतानाही पाहू लागले, आणि मागचे दोन्ही बुधवार आठवून ताडू लागले. बुधवारी पत्नी लवकर न्हाते. बुधवारी वेणीत मोगरा येतो. बुधवारी पोळ्या एक-दोन जास्त लाटल्या जातात, आणि रात्री त्या शिल्लक नसतात. हातात माळ रामनामाची, मनात माळ संशयाची. चौदा वर्षांचा संसार, आणि मूळ प्रत कोणती, नक्कल कोणती, हेच कळेनासे झाले.

तिसऱ्या बुधवारी त्यांनी रजा घेतली. साहेबाने विचारले, "घरात कोणी गेलं का?" इतकी ती नवलाची गोष्ट.

थिएटरसमोरच्या पानपट्टीआड अनंतराव छत्री उघडून उभे राहिले. ऊन छत्रीवर, आग आत. कालिंदीबाई आल्या, आणि त्यांच्या मागोमाग एक आकृती. पदर हनुवटीपर्यंत ओढलेला, खांदे रुंद, चाल ढांगा टाकणारी. बाई की बाईच्या वेषातला कोणी? दोघी बायकांच्या दाराने आत गेल्या. ते पुरुषांच्या दाराने शिरले आणि बाकावर अशा कोपऱ्यात बसले की लाकडी कठड्यापलीकडच्या त्या दोन माना तिरक्या नजरेने दिसाव्यात.

अंधार झाला. सिनेमा सुरू झाला. अनंतराव मात्र माना पाहत राहिले. पण कान कुठे मिटता येतात? पडद्यावरच्या घड्याळवाल्याने मान खाली घातली, आणि त्याने तोंड उघडण्याआधीच सारे थिएटर एका सुरात गरजले, "इस बार नहीं बिगड़ेगी!" टांगेवाले, हमाल, छावणीतले शिपाई, कडेवर लेकरे घेतलेल्या बाया, सगळे. अनंतराव दचकले. रामनवमीला दुपारी बारा वाजता राम जन्मणार, हे मंडपात कोणाला ठाऊक नसते? तरी पाळण्याची दोरी हलेपर्यंत मंडळी श्वास रोखून बसतात, आणि ती हलली की दर वर्षी पहिल्यांदाच जन्मल्यासारखा जयजयकार करतात. तसाच हा गजर. त्या गजरात कालिंदीबाईंचे हसू मिसळले होते: मोकळे, खळाळते. चौदा वर्षांत त्यांच्या घरात ते हसू कधी उमटले नव्हते. अनंतरावांना ते परक्या बाईचे वाटले.

मध्यंतर झाले. दिवे लागले. कालिंदीबाईंनी पिशवीतून डबा काढला आणि मांडीवर उघडला. शेजारच्या आकृतीने घास घेण्यासाठी पदर मागे सारला, हात पुढे केला. मनगटापर्यंत हिरवे गोंदण. बोटे राखेने फुटलेली.

सरूबाई! त्यांच्याच घरी भांडी घासणारी सरूबाई!

ज्या घरात सरूबाईने घासलेले भांडे पाणी शिंपडल्याशिवाय आत येत नसे, जिच्या ओंजळीत भाकरी वरून टाकली जाई, त्या घरची सून तिच्याबरोबर एका डब्यात जेवत होती. एक पोळी, दोन हात. अनंतरावांना हायसे वाटले. पण सुटकेचा श्वास पुरता बाहेर पडण्याआधीच दुसरी गोष्ट समोर आली: हे त्या लपवत होत्या, आणि ज्याच्यापासून लपवावे लागले तो माणूस या बाकावर बसला आहे. दर एकादशीला भजनात बसून, देवाच्या दारी सगळे सारखे, असे उंच स्वरात गाणारा. त्यांनी गोंधळून तपकिरीची चिमूट ओढली आणि सलग तीन शिंका दिल्या.

कठड्यापलीकडची एक मान ताठ झाली.

पुन्हा अंधार झाला. आता मानांकडे पाहवेना, म्हणून अनंतरावांनी पडद्याकडे पाहिले. मुलगी अकराव्यांदा दुकानात आली होती. घड्याळ चालू होते, ठीक चालू होते. या वेळी बिघडवायचेच ती विसरली होती. तरी तो वेडा डोळ्याला भिंग लावून चूक शोधतच होता! थिएटर ओरडू लागले, "अरे, वर बघ! वर!" अनंतरावांच्याही ओठांवर शब्द आले, आणि त्याच क्षणी त्यांना वाटले, हे सगळे लोक आपल्यालाच ओरडत आहेत. ते उठले, छत्री धरून बाहेर पडले, आणि शेवट न पाहताच घरी आले.

दिवेलागणीला कालिंदीबाई तुळशीपाशी उभ्या होत्या. "कचेरीतून थेट आलात?"

"हो. म्हणजे... हो."

"सलग तीन शिंका देणारा माणूस शहरात एकच आहे." त्यांचा आवाज शांत होता, म्हणूनच भीती वाटावी असा. "झाली का माझी रुजुवात? खोट निघाली?"

"खोटं बोललात तुम्ही. आशाबाई पिशोरला होत्या."

"बोलले. खरं सांगितलं असतं तर सरूबाईचं काम गेलं असतं. ते तसंही गेलंच. रस्त्यातच म्हणाली, 'रावसाहेबानं बघितलं, आता म्या येत नाय.' उद्या सकाळी राहिलेलं लुगडं न्यायला येईल. आणि मीही आता सिनेमाला जाणार नाही. सुटलात."

अनंतराव सुटले नाहीत. म्हणाले, "पण तेच ते तीन-तीनदा..."

"रोज सकाळी तीच आरती म्हणता. देवावर संशय आहे म्हणून?"

कालिंदीबाई आत गेल्या. रात्री त्यांनी ताट वाढले आणि पाठ फिरवली.

सकाळी सरूबाई मागच्या दाराशी आली. आत न पाहता म्हणाली, "वैनी, लुगडं द्या. जाते."

लुगडे आलेच नाही. आले अनंतराव, हातात चहाचा कप घेऊन, घरातला, बशीसकट. त्यांनी तो वरून ओतला नाही, उंबऱ्यावर ठेवला नाही, हातात दिला. सरूबाईने चहाकडे असे पाहिले, जणू त्यात काही घातले असावे. वर्षानुवर्षांचा संशय तो. एका कपाने फिटावा कसा?

"सरूबाई," अनंतराव खाकरले, "मी काल मध्येच उठून आलो. त्या घड्याळवाल्याचं पुढं काय झालं?"

"वैनीला इचारा की."

"त्या माझ्याशी बोलत नाहीत."

"मंग बरूबर करत्यात." सरूबाईच्या तोंडून निघून गेले, आणि तिने जीभ चावली. आत स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला होता. अनंतराव उंबऱ्यावर बसले. खालीच बसले.

सरूबाईने त्यांच्याकडे रोखून पाहिले. मग कपाला ओठ लावले. "कुठवर बघितलं तुमी?"

"ती अकराव्यांदा आली, आणि घड्याळ चालूच होतं."

"म्हंजी निम्मं घालवलंच की! तुमचं ध्यान तर लई आमच्याकडंच हुतं. त्याच्या आधी तिनं ते घड्याळ डाळीत टाकलं, ते बघितलं का?"

"नाही."

"नाय? अगं वैनी, डाळ नाय बघितली यांनी!"

"मुळापासून सांग त्यांना," आतून कालिंदीबाईंचा आवाज आला.

सरूबाई पायरीवर टेकली, पदर खोचला. "तर ऐका. पयलं घड्याळ..."

"पहिलं की त्याआधी दुकान दाखवतात?"

"मधी बोलू नका, रावसाहेब."

अनंतरावांनी उंबऱ्यावरच मांडी घातली. त्या दिवशी कचेरीत त्यांच्या नावापुढे प्रथमच उशिराची खूण पडली.