निळी गाडी काय म्हणाली

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी जालन्यात, मस्तगडच्या आमच्या दुकानात होते. मोटारपंपाच्या सुट्या भागांचं दुकान. समोर कुंभार पिंपळगावचं गिऱ्हाईक उभं, त्याच्या शेतातलं पाणी थांबलेलं. वहिनी एवढंच म्हणाली, "रेखाताई, तुमचे दादा उठून न्हाई राह्यले…" मी त्या माणसाला पंपाचं सील काढून दिलं, कसं बसवायचं ते सांगितलं आणि मग शटर ओढलं. बाईचं काळीज दगडाचं आहे, असं नंतर कुणीतरी म्हणालं. असेल. दादाला मात्र अर्धवट सोडलेलं काम खपत नसे.

आता महिना होऊन गेला. भेटायला येणारे त्याच्या नोकरीबद्दल बोलतात. बियाण्यांच्या कंपनीत असताना तो जन्मभर जीप घेऊन गावोगावच्या शेतांतले प्लॉट बघत फिरला. मला लिहायचंय ते त्याच्या दुसऱ्या गाडीबद्दल, कारण तिच्यावर लोक अजून हसतात.

निवृत्त झाल्यावर त्याला स्पोर्ट्स कार हवी होती. दोन सीटची, जमिनीला टेकलेली, आधी कुणीतरी वापरलेली. मुलगा पुण्याहून म्हणाला, बाबा, आपल्याकडच्या रस्त्यांवर? दादाचं उत्तर असं, की जीपमध्ये नुसते धक्के खाल्ले, आता एकदा रस्ता नीट ऐकायचाय. गाड्या बघायला तो मला न्यायचा, कारण चकचकीत रंगाला मी भुलत नाही. रंग, इंजिनाचा आवाज हे तोही शेवटी बघे. आधी स्टिअरिंग. विकणारा कौतुकानं म्हणायचा, सर, एका बोटानं फिरतं, आणि दादाचा चेहरा तिथंच पडायचा. हलकं असणं वेगळं, बोलकं असणं वेगळं. आणि जड आहे म्हणजे बोलकं, असंही नाही. स्टिअरिंग सैल धरायचं, बोटांच्या पेरांवर. सरळ रस्त्यावर ते मधल्या जागी ढिलं वाटता कामा नये, वळण संपलं की आपणहून सरळ यावं. टायरमधली हवा आधी बराबर करून घ्यायची, नाहीतर चांगल्या गाडीवर उगाच आळ येतो. शेवटी डावं चाक डांबराच्या कडेवरून उतरवायचं. ते खाली गेलेलं डोळ्यांच्या आधी हातांना कळलं पाहिजे. नाही कळलं तर गाडी मुकी.

एकेक करत सगळ्या मुक्याच निघाल्या. मग संभाजीनगरला एक निळी गाडी सापडली. जुन्या पद्धतीचं, तेलाच्या दाबावर चालणारं स्टिअरिंग. दादा वर्षभर हिच्याच शोधात होता. आम्ही आलो होतो ती गाडी विकणाऱ्याकडे ठेवून आम्ही दोघं ती जालना रोडला घेऊन निघालो. थोडं अंतर गेलो आणि त्यानं ती एका टपरीपाशी थांबवली. हीपण मुकीच, म्हणाला.

चहा आला. काचेचा ग्लास मला ओढणीशिवाय धरवेना. दादानं मात्र तो मुठीत घेतला होता, अख्खा तळवा लावून, आणि गाड्या बनवणाऱ्यांना तो शिव्या घालत होता. त्याला शुगर होती, बऱ्याच वर्षांची. मी चहा तसाच ठेवला. किल्ली मागितली, म्हटलं, जाताना मी चालवते.

मी चालवते ती दुकानाचा माल आणायला, बाकी मला त्यातलं काही कळत नाही. पण पुलाजवळची वाळू तळहाताला लागली. रस्त्याची ठिगळं लागली. चाक कडेवरून उतरलं ते खांद्यापर्यंत कळलं. मी गाडी बाजूला घेतली.

"दादा, ही बोलून राह्यली."

तो समोरच बघत होता. "बराबर ऐकलंस?"

"बराबर."

त्यानं दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले आणि त्यांच्याकडे बघितलं… दुसऱ्या कुणाचे असावेत तसे. "मंग मीच बहिरा झालो म्हण की."

मी म्हटलं, आधी डॉक्टरला दाखवू, मग काय ते म्हण. डॉक्टर म्हणाले, शुगरनं नसा गेल्यात, हातांच्या आणि पायांच्याही. गाडी चालवणं बंद. वहिनीनं सुटकेचा निःश्वास सोडला. दादानं त्याच आठवड्यात निळी गाडी घेतली. चालवणार कोण, तुमचा आजा का, असं वहिनीनं विचारलं, तर म्हणाला, रेखा. मला विचारलंसुद्धा नव्हतं.

मग रविवारी सकाळी आम्ही राजूरच्या रस्त्याला जायला लागलो. मी चालवायची, तो शेजारून विचारायचा, काय म्हणाली? मी सांगायची: खडी, ठिगळ, नवं डांबर. सुरुवातीला मला हा निव्वळ खुळेपणा वाटे आणि मी काहीबाही ठोकून द्यायची. तो लगेच पकडायचा. "रेखे, मला गिऱ्हाईक समजू नको." हळूहळू मलाच फरक सापडू लागले. वाळू किरकिरते, बारीक खडी टोचते, नवं डांबर फारसं बोलत नाही.

एकदा मी तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, "वाळू." वाळूच होती. हातांत थोडा जीव परत आला की काय, असं वाटून मी विचारलं, कसं कळलं?

"तुझी भुवई. वाळू आली की डावी वर जाती. खडीला ओठ आवळतीस."

म्हणजे इतके महिने तो रस्त्याकडे बघतच नव्हता.

आत्या, गाडीचं काय करायचं, असं आता दादाचा मुलगा विचारतो. विकायची तर विकू, मी काही ती देव्हाऱ्यात ठेवणार नाही. तोवर उभ्या गाडीची बॅटरी उतरते म्हणून रविवारी मी ती बाहेर काढते. वाळू आली की 'वाळू' असं अजून मोठ्यानं तोंडातून जातं. मागच्या रविवारी ठरवून गप्प बसले… भुवई वर गेलेली मला कळली.